डॉल्बीवाल्याचं पहिलं गाणं

(गेल्या रविवारी आपल्या अभ्यास मंडळात बोलले, ते थोडं नीट करून इथे देते आहे. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय.)



मला विषय दिला होता ‘स्वातंत्र्य आणि गाणी’. मी पॉलिटिकल सायन्सची विद्यार्थिनी. गाण्यातलं मला एवढंच कळतं, की मिरवणुकीत डॉल्बीपासून किती लांब उभं राहिलं म्हणजे छातीत धडधडत नाही. तेव्हा पुस्तकातून नको, घरातूनच सुरुवात करते.

माझा एक मावसभाऊ आहे, खानापूर तालुक्यातला. मी त्याला दादा म्हणते. नऊ वर्षं झाली, तो डॉल्बी चालवतो. गणपती, शिवजयंती, हळद, वरात, सगळीकडे त्याचा टेम्पो असतो. पेन ड्राइव्हमध्ये मुंबईची रिमिक्स आहेत, हिंदी आहे, कन्नड हिट गाणी पण आहेत. पब्लिक मागेल ते तो वाजवतो. उन्हाळ्यात एकदा घरी आला आणि म्हणाला, “काय गे, किती वर्षं दुसऱ्याचीच गाणी वाजवायची? एक आपलं काढायचं. मीच म्हणणार.”

विषय पण त्याने ठरवूनच आणला होता, स्वातंत्र्य. पंधरा ऑगस्टला शाळेत वाजतं तसलं नाही. आपण कुणाचे मिंधे नाही, आपली भाषा आपण बोलणार, आपल्या पायावर उभे राहणार, असं काहीतरी. “तू शिकलीस,” म्हणाला, “ओळी लिहून दे.”

मी सोळा ओळी लिहिल्या. त्यातली एक ओळ शेजारच्या भाषेच्या लोकांना टोमणा मारणारी होती. टोमणा म्हणजे, खरं सांगायचं तर शिवीच. पण यमक झकास जुळलं होतं. दादाने कागद वाचला, त्या ओळीवर थांबला, हसला आणि म्हणाला, “ह्या ओळीला पब्लिक उसळतंय बघ.” मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

त्या ओळीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. त्याआधी तुम्हाला एका बेटावर नेते. कारण डॉल्बीवाल्याने माइक हातात घेणं आणि स्वातंत्र्याचं गाणं निघणं, हे सगळं तिथे साठ वर्षांपूर्वी होऊन गेलंय. आमची ती ओळसुद्धा तिथे आधीच लिहून झाली होती.

ते बेट म्हणजे जमैका.

जमैका म्हटलं की आपल्याला बॉब मार्ली आठवतो, उसेन बोल्ट आठवतो, आणि क्रिकेटवाल्यांना सबीना पार्कवरचे बाउन्सर. पण देश केवढा? आपल्या बेळगाव जिल्ह्याहून थोडा लहानच. इंग्रजांनी १६५५ मध्ये तो स्पॅनिश लोकांकडून घेतला आणि उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून आणली. १८३८ मध्ये गुलामगिरी पूर्ण संपली. मळ्यावर मग राबणार कोण? म्हणून भारतातून आणि चीनमधून करारावर मजूर नेले. आपल्याकडे ज्यांना गिरमिटिया म्हणतात, ते हेच. म्हणजे त्या बेटावर जवळपास प्रत्येकाचा पणजोबा कुठून तरी बोटीतून आलेला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्वातंत्र्य मिळालं ६ ऑगस्ट १९६२ ला. आपल्या शेजारचा गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, त्यानंतर साडेसात महिन्यांनी. म्हणजे हा काही फार जुना इतिहास नाही. आपल्या आजी-आजोबांच्या तरुणपणातला आहे.

आता तिथली डॉल्बी. तिकडे तिला म्हणतात साउंड सिस्टम.

१९५० च्या आसपास राजधानी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत हे सुरू झालं. वाद्यवृंद बोलवायला पैसे नाहीत. रेडिओ सगळ्यांकडे नाही, आणि असला तरी त्यावर लागतं ते साहेबी वळणाचं संगीत. मग कुणीतरी मोकळ्या अंगणात कपाटाएवढे स्पीकर मांडायचा, अमेरिकेतून आणलेल्या रेकॉर्डी लावायचा आणि दारावर तिकीट घ्यायचा. आत बिअर आणि बोकडाचं कालवण विकायचं. ते कालवण पण आपल्या गिरमिटियांनीच तिकडे नेलेलं. लोक रात्रभर नाचायचे.

या धंद्यातलं पहिलं मोठं नाव होतं ‘टॉम द ग्रेट सेबॅस्टियन’. खरं नाव टॉम वाँग. नावावरूनच ओळखा, चिनी वंशाचा, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. त्याचा अॅम्प्लिफायर बनवला हेडली जोन्सने. हा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात रडारचं काम करून आलेला जमैकन मिस्त्री. म्हणजे ज्या यंत्रातून पुढे सगळ्या बेटाचा आवाज निघाला, ते एका चिनी वंशाच्या दुकानदाराने आणि एका काळ्या मिस्त्रीने मिळून उभं केलं.

नंतर दोन दादा लोक आले. एक ड्यूक रीड, पूर्वी पोलिसात होता. दुसरा कॉक्सन डॉड. तो अमेरिकेत फ्लोरिडाला ऊसतोडीला गेला होता आणि येताना रेकॉर्डी घेऊन आला. या लोकांत काय चुरस असायची! कुठली रेकॉर्ड आहे हे दुसऱ्याला कळू नये म्हणून तिच्यावरचं लेबल खरवडून काढायचे. कॉक्सनने एका अमेरिकन रेकॉर्डला स्वतःच्याच नावाचं नवं नाव देऊन ती आपली खास धून करून टाकली होती. मूळ रेकॉर्ड कुठली, ते शोधण्यात ड्यूक रीडने बरीच वर्षं घालवली. मी हे दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आम्ही पण रिमिक्सचं नाव बदलून ठेवतो की.”

आणखी एक गंमत. आपण डीजे म्हणतो तो गाणी लावणारा. जमैकात गाणी लावणाऱ्याला सिलेक्टर म्हणतात. डीजे म्हणजे माइकवर बोलणारा. रेकॉर्ड वाजत असताना मध्येच ओरडणार, कोटी करणार, नाचणाऱ्यांना चेतवणार. काउंट मचुकी हा त्यातला आद्य पुरुष. त्यामुळे तिकडे यंत्राइतकीच किंमत माणसाच्या तोंडाला आली. रेकॉर्ड अमेरिकेची असेना का, मध्ये बोलणारा आवाज आपल्या गल्लीतला आहे. मला वाटतं, पहिलं स्वातंत्र्य तिथेच सुरू झालं. झेंडा बदलायच्या बरंच आधी.

आता आपला नायक. नाव सेसिल बस्टामेंट कँपबेल, जन्म १९३८, किंग्स्टन. कामगार पुढारी अलेक्झांडर बस्टामांटे याच्या नावावरून आई-बापाने हे नाव ठेवलं. हाच पुढारी पुढे स्वतंत्र जमैकाचा पहिला पंतप्रधान झाला. पोरगा गल्लीत वाढला, बॉक्सिंग खेळला. लोक त्याला प्रिन्स बस्टर म्हणायला लागले. आधी तो कॉक्सनच्या साउंड सिस्टमवर पडेल ते काम करायचा. मग स्वतःची सुरू केली. नाव काय ठेवलं? ‘व्हॉइस ऑफ द पीपल’, लोकांचा आवाज.

पण नाव ‘लोकांचा आवाज’ आणि रेकॉर्डी अमेरिकेच्या. त्या आणायला अमेरिकेला जायला हवं. कॉक्सनसारखं शेतमजुरीच्या भरतीतून जायचा बस्टरने प्रयत्न केला, त्याला नाकारलं. त्यात ५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतली हवा बदलली. तिकडे रॉक अँड रोल आलं, आणि किंग्स्टनच्या लोकांना ज्या ठेक्यावर नाचायचं होतं तसल्या नव्या रेकॉर्डी कमी निघायला लागल्या. माल बाहेरून यायचा बंद, आणि शनिवारी रात्री लोक तर दारात उभे.

मग एकच मार्ग उरला. आपलं आपण करायचं.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. कुणी सकाळी उठून ‘चला, आता आपली अस्मिता घडवू’ असं ठरवलं नाही. उसना माल संपला म्हणून आपला आवाज शोधावा लागला. नाइलाजच होता तो, पण त्यातून एक नवीन ठेका जन्माला आला, त्याचं नाव स्का. हा ठेका पहिल्यांदा कुणी धरला यावर तिकडे आजही भांडणं आहेत, बस्टर त्या दावेदारांपैकी एक. ओळखायची खूण सोपी. एक-दोन-तीन-चार असं मोजा, आणि प्रत्येक आकड्यानंतर ‘आणि’ म्हणा. एक-आणि-दोन-आणि. आपली टाळी आकड्यावर पडते. स्कामध्ये गिटार त्या ‘आणि’वर वाजते. जोर जिथे पडायचा तिथे पडतच नाही, मधल्या मोकळ्या जागेत पडतो. त्यामुळे पाय आपोआप उचलला जातो.

१९६१ मध्ये बस्टरने ‘बस्टर्स ग्रुप’ नावाने आपली रेकॉर्ड काढली, ‘लिटल हनी’. त्याच सुमाराला त्याने फोक्स ब्रदर्स नावाच्या भावांकडून ‘ओ कॅरोलिना’ गाऊन घेतलं. तुमच्यापैकी काहींना शॅगीचं १९९३ मधलं त्याच नावाचं गाणं माहीत असेल. ते याच गाण्याचं नवं रूप. मूळ गाण्यात बस्टरने काय केलं, तर काउंट ऑसी नावाच्या रास्ताफारी ढोलकऱ्याला त्याच्या साथीदारांसकट आणून स्टुडिओत बसवलं. त्या काळी रास्ताफारी म्हणजे जटावाले, गांजावाले, घाणेरडे, असं सभ्य समाज मानायचा. पोलीस त्यांना झोडपायचे. त्यांचे आफ्रिकी ढोल बाजारात विकायच्या रेकॉर्डवर येणं ही मोठी गोष्ट होती. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांना बस्टरने गाण्यात घेतलं.

म्हणजे हा माणूस छोट्या मनाचा नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याच्याबद्दल वेगळं ऐकायचंय.

आता थोडं राजकारण, माझ्या विषयाचं.

१९५८ मध्ये इंग्रजांनी कॅरिबियनमधली दहा बेटं आणि बेटसमूह जोडून एक महासंघ केला होता, वेस्ट इंडीज फेडरेशन. कल्पना अशी, की सगळ्यांनी मिळून एक देश म्हणून स्वतंत्र व्हायचं. जमैका त्यात सगळ्यात मोठा. जमैकातल्या बऱ्याच लोकांना वाटायला लागलं, की लहान बेटांचा बोजा आपण का वाहायचा? सप्टेंबर १९६१ मध्ये सार्वमत झालं. बस्टामांटे महासंघाच्या विरोधात, आणि त्याच्याच नात्यातला भाऊ नॉर्मन मॅनली बाजूने. मॅनली हरला. जमैका बाहेर पडला, मागोमाग त्रिनिदाद बाहेर पडलं, आणि मे १९६२ मध्ये महासंघ संपला. क्रिकेटची टीम मात्र आजही एकच आहे. राज्यकर्त्यांना जे टिकवता आलं नाही ते बॅट आणि बॉलने टिकवलं.

अशा वातावरणात ऑगस्ट आला. ५ तारखेच्या मध्यरात्री किंग्स्टनच्या नव्या स्टेडियमवर युनियन जॅक उतरला आणि काळा-हिरवा-सोनेरी झेंडा चढला. राणीची बहीण राजकुमारी मार्गारेट हजर होती. देशाचं ब्रीदवाक्य ठरलं, त्याचा मराठीत अर्थ असा, की अनेकांतून एक लोक.

आणि गाणी? भरपूर निघाली. त्यातली दोन सांगते.

एक डेरिक मॉर्गनचं ‘फॉरवर्ड मार्च’. मॉर्गन त्या वेळचा सगळ्यात लोकप्रिय गायक, आणि बस्टरचा दोस्त. हे गाणं काढलं लेस्ली काँगने. काँग चिनी वंशाचा. भावांबरोबर त्याचं आइस्क्रीमचं आणि रेकॉर्डींचं दुकान होतं. त्याच वर्षी याच काँगने सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाची पहिली रेकॉर्ड काढली, ‘जज नॉट’. तो मुलगा म्हणजे बॉब मार्ली.

दुसरं ‘इंडिपेंडंट जमैका’. गायक लॉर्ड क्रिएटर. रेकॉर्ड काढली व्हिन्सेंट चिनने, तोही चिनी वंशाचा. आणि लॉर्ड क्रिएटर जमैकाचा होता का? नाही. तो त्रिनिदादचा. ज्या बेटांबरोबर आम्हाला राहायचं नाही म्हणून वर्षापूर्वी मतदान केलं, त्यातल्याच एका बेटावरून आलेल्या माणसाने जमैकाच्या स्वातंत्र्याचं गाणं गायलं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं, आणि हा कुठला म्हणून विचारत बसले नाहीत.

मला हे वाचून फार बरं वाटलं. आपल्यालाही सगळीकडे विचारतात ना, तुम्ही नक्की कुठले? पुण्यात गेलं की ‘तुम्ही कर्नाटकातले का’, आणि इथे ऑफिसात गेलं की आणखी काही. त्रिनिदादच्या माणसाला तो प्रश्न त्या एका गाण्यापुरता तरी कुणी विचारला नाही.

पण गोष्ट इथे थांबत नाही. इथे थांबली असती तर मी हे भाषण केलंच नसतं.

मॉर्गन बस्टरला सोडून काँगकडे गेला, हे बस्टरला लागलं होतंच. त्यात ‘फॉरवर्ड मार्च’मध्ये मधे सॅक्सोफोनचा एक तुकडा आहे. बस्टरचं म्हणणं, तो तुकडा माझा आहे, माझ्याकडून उचलून चिन्याला दिला. आणि त्याने मॉर्गनवर एक गाणं काढलं, ‘ब्लॅक हेड चायनामॅन’. नावातच सगळं आलं. वरून काळा आणि आतून चिन्याचा झालेला, अशी शिवी. मॉर्गनने उलट गाणं काढलं, ‘ब्लेझिंग फायर’. मग याचं गाणं, त्याचं गाणं. दोघांचे चाहते रस्त्यावर एकमेकांना भिडायला लागले. शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं. दोघांना एकत्र उभं करून दोस्तीचे फोटो काढले, तेव्हा कुठे थंड झालं.

विचार करा. नुकतंच ‘अनेकांतून एक लोक’ असं लिहून झेंडा चढवलेला. स्वातंत्र्याच्या गाण्यावरून पहिलं मोठं भांडण झालं, आणि ते कशावरून? कोण आपला आणि कोण चिन्याचा, यावरून.

बस्टरचा राग सगळाच खोटा नव्हता. तो काळ असा, की गाणाऱ्या काळ्या पोरांच्या हातावर थोडे पैसे टेकवायचे आणि पुढची कमाई रेकॉर्ड काढणाऱ्याच्या गल्ल्यात. असं फक्त चिनी दुकानदारच करत नव्हते, काळे मालकही तेच करत होते. स्वातंत्र्य मिळालं तरी बॉक्साइटच्या खाणी अमेरिकन आणि कॅनेडियन कंपन्यांच्याच होत्या. आणि ज्या इंग्लंडला पोटासाठी जमैकाचे लोक जात होते, त्या इंग्लंडने बाहेरून येणाऱ्यांवर बंधन घालणारा कायदा लागू केला १ जुलै १९६२ ला, स्वातंत्र्याच्या फक्त पाच आठवडे आधी. म्हणजे चिडायला कारणं होती, आणि मोठी होती. पण खाण कंपनी नाचायला अंगणात येत नाही. लंडनचा मंत्री दिसत नाही. समोर दिसतो तो कोपऱ्यावरचा आइस्क्रीमवाला. राग मोठ्याचा आणि टोमणा शेजाऱ्याला.

१९६५ मध्ये किंग्स्टनला चिनी लोकांविरुद्ध दंगल झाली, दुकानं फोडली. एका गाण्यामुळे झाली असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं चूक होईल. तिची कारणं वेगळी होती. पण असं बोलायची सवय गावाला आधी लागलेली असते. लोक नाचता नाचता जी ओळ शंभर वेळा ओरडतात, ती दगड उचलताना नवीन वाटत नाही.

आता मी तुम्हाला मराठीतली एक गोष्ट सांगते, ती आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. इंग्रजीत ‘वी’ हा एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हटलं की समोरचा घरी राहिला. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की त्याचं पण ताट वाढलं. स्वातंत्र्याचं कुठलंही गाणं ऐकताना मी आता एवढंच बघते, की यात ‘आम्ही’ आहे की ‘आपण’? त्रिनिदादच्या माणसाचं जमैकाचं गाणं हे ‘आपण’चं गाणं होतं. काउंट ऑसीचे ढोल स्टुडिओत आणले तेव्हा बस्टर ‘आपण’ म्हणत होता. ‘ब्लॅक हेड चायनामॅन’ म्हणताना तोच बस्टर ‘आम्ही’वर आला. माणूस एकच, आणि मध्ये फार काळही गेला नव्हता.

मी माझा कागद काढला आणि मोजलं. सोळा ओळींत ‘आम्ही’ अकरा वेळा. ‘आपण’ एकदाही नाही.

मग मी दादाकडे गेले. तो शेडमध्ये बसून स्पीकरची वायर सोलत होता. म्हटलं, ती ओळ काढूया. तो भडकलाच. “का? घाबरलीस?” मी त्याला ही सगळी जमैकाची गोष्ट सांगितली, आत्ता तुम्हाला सांगितली तशीच. त्याने ऐकून घेतली. स्का काय, सार्वमत काय, त्याला फारसं पडलं नव्हतं. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला. तो मला माझ्या कुठल्याच पुस्तकात सापडला नव्हता.

“त्यांचं मशीन जळालं की दुरुस्त कोण करायचं?”

मी हेडली जोन्सचं सांगितलं, त्याने चिनी दुकानदारासाठी अॅम्प्लिफायर बांधला ते. दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मिस्त्री ऐकणार की हे.”

त्याचा मिस्त्री हुबळीकडचा. घरी कन्नड बोलतो, दादाशी मोडकं मराठी. दादाने सोल्डरिंग त्याच्याकडूनच शिकलं. एका वर्षी गणपतीच्या आदल्या रात्री अॅम्प्लिफायर जळाला, तेव्हा तो माणूस गाडी काढून आला, पहाटेपर्यंत शेडमध्ये बसून काम केलं आणि पैसे नंतर दे म्हणाला. दादाच्या पहिल्या गाण्याला तो येणार, पुढे उभा राहणार. आणि ज्या ओळीला पब्लिक उसळणार, ती त्यानेच बांधलेल्या मशीनमधून त्याच्या तोंडावर जाणार.

ओळ दादाने स्वतः खोडली. मी नाही.

आता कुणीतरी विचारेल, मग काय, सगळं गोड गोड म्हणायचं का? अजिबात नाही. मुलांना आपल्या भाषेत शिकायला मिळावं, ऑफिसातला कागद आपल्या भाषेत मिळावा, पाटी आपल्याला वाचता यावी, ही मागणी सरकारकडे आहे आणि ती करताना आवाज चढवायचाच. त्यात कमीपणा नाही. पण मागणी सरकारकडे करायची आणि शिवी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला द्यायची, यातून मागणीचा एक कागद पण पुढे सरकत नाही. भाजीवाली तेवढी जाते. उद्या त्याच बाईला तिच्या मुलाच्या कागदासाठी आपल्यासारखंच भांडावं लागलं, तर ती आपल्या बाजूला का येईल?

जमैकाच्या गोष्टीचा शेवट सांगते आणि थांबते.

माइकवर बोलणारे डीजे पुढे स्वतःच रेकॉर्डवर आले. १९७० मध्ये यू-रॉय नावाच्या डीजेने जुन्या गाण्यांच्या ठेक्यावर नुसतं बोलून रेकॉर्डी काढल्या, आणि जमैकाच्या यादीत पहिल्या तीन जागा एकट्याने घेतल्या. तो ज्या साउंड सिस्टमवर बोलायचा तिचा मालक किंग टबी, हा पण मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. बघा, परत मिस्त्रीच निघाला.

आणि बस्टरची गाणी बोटीतून गेलेल्या लोकांबरोबर इंग्लंडला पोचली. १९७९ मध्ये तिथल्या एका बँडने त्याच्या एका गाण्यावरून आपलं नाव ‘मॅडनेस’ ठेवलं आणि आपली पहिलीच रेकॉर्ड त्याच्यावर काढली, ‘द प्रिन्स’. ज्या कंपनीने ती काढली तिचं नाव टू-टोन, आणि खूण काळे-पांढरे चौकोन. त्या काळात इंग्लंडच्या रस्त्यांवर वर्णद्वेषी टोळ्या फिरत होत्या, आणि या कंपनीच्या बँडमध्ये काळी-गोरी पोरं एकत्र वाजवत होती. त्यांनी बस्टरकडून ठेका घेतला, भांडण घेतलं नाही. आज जगभर कुठेही स्का वाजतं तेव्हा लोकांना ती गिटार ऐकू येते, मधल्या ‘आणि’वर पडणारी. ‘ब्लॅक हेड चायनामॅन’ आठवतं ते माझ्यासारख्या भाषण लिहायला बसलेल्यांना.

दादाचं गाणं अजून झालेलं नाही. रेकॉर्डिंग दिवाळीनंतर आहे. खोडलेल्या ओळीच्या जागी नवी ओळ लिहिलीय, पण खरं सांगते, ती तेवढी जमलेली नाही. यमक लंगडं आहे. पब्लिक उसळेल की नाही, सांगता येत नाही. दादा म्हणतो, चाल नीट बसली की चालून जाईल. ‘आम्ही’ मात्र अकरावरून चारवर आणलंय. सगळं काढलं नाही, कारण काही ठिकाणी तेच खरं आहे.

तुमच्यापैकी कुणाला बरी ओळ सुचली तर द्या. अट एकच आहे. मिस्त्री समोर उभा असताना म्हणता आली पाहिजे.